गाडी कितीदा बदलायची? मुलांसोबतच्या युरोप प्रवासाच्या नोंदी

२६ ऑक्टोबर २०२५, वडोदरा

भाऊबीज आटोपली, पाहुणे गेले आणि आज जेवणं झाल्यावर वही घेऊन बसलो. ठरलेलं एवढंच की मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की चौघांनी युरोपात जायचं आणि तिथे आगगाडीनेच फिरायचं. थोरली नऊ वर्षांची, धाकटा पाचाचा. टूर कंपनीबरोबर जाणं सोपं होतं, अलकापुरीत हवी तेवढी ऑफिसं आहेत. पण त्यांच्या कार्यक्रमात अर्धा दिवस बसमध्ये जातो आणि भल्या पहाटे बॅगा खोलीबाहेर ठेवाव्या लागतात. या वयाच्या मुलांची त्यात फरफट होते आणि त्यांना आठवतं ते फक्त हॉटेल.

पहिली यादी सगळ्यांनी मिळून केली. ॲमस्टरडॅम, ब्रुसेल्स, पॅरिस, कलोन, म्युनिक, इंटरलाकेन, मिलान, रोम, व्हेनिस, व्हिएन्ना. सात देश झाले. लंडन आधीच वगळलं, कारण ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. त्याचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.

आजोबांनी (माझे सासरे, पश्चिम रेल्वेतून निवृत्त, बरीच नोकरी प्रतापनगरला) यादी चष्मा लावून वाचली आणि एकच विचारलं, "सूनबाई, यात गाडी कितीदा बदलायची आहे?" उत्तर कुणाकडे नव्हतं. पुढच्या रविवारी काढते म्हटलं.

२ नोव्हेंबर

उत्तर काढायला वहीची बरीच पानं गेली. प्रत्येक टप्प्यापुढे तीन रकाने आखले: तास किती, बदल किती, आणि बदलायला मिनिटं किती. यादी छाटली ती या शेवटच्या दोन रकान्यांनी. ॲमस्टरडॅम ते पॅरिस थेट गाडी आहे, साडेतीन तासांच्या आत पोचवते, त्यात काही अडचण नाही. पण कलोनहून म्युनिक आणि तिथून इंटरलाकेन हा तुकडा आला की दिवसाला दोन-तीन बदल, आणि मध्ये कुठे आठ मिनिटं, कुठे दहा. मोठ्या माणसाला आठ मिनिटं पुरतात. पाच वर्षांच्या मुलाला नेमकी त्याच वेळी शू लागते.

त्यात जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्या सध्या वेळ पाळत नाहीत. ड्यूश बान या तिथल्या रेल्वे कंपनीच्या स्वतःच्या आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये त्यातल्या ६२.५ टक्केच वेळेवर आल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते वेळेवरच धरतात. रूळ जुने झालेत, मोठाले मार्ग पाळीपाळीने बंद ठेवून दुरुस्ती चालली आहे. एकट्या माणसाने खुशाल जावं. दोन मुलं आणि सामान घेऊन अनोळखी स्टेशनात पुढच्या गाडीची वाट बघत बसायची माझी तयारी नाही. जर्मनी पुढच्या खेपेला.

मग नियम लिहिले. एका दिवसात एकच बदल. बदलायला किमान अर्धा तास, आणि दोन तिकिटं वेगवेगळी असतील तर तास-दीड तास. एका गावात किमान तीन रात्री, फार तर एखादा अपवाद. तासांवर मात्र बंधन घातलं नाही. नवऱ्याला ते खटकलं, "दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नको" असं त्याचं म्हणणं. पण आमची मुलं दर वर्षी वडोदऱ्याहून नागपूरला आजोळी जातात. गाडीत बसून राहणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. पत्ते, खिडकी, चिवडा, झोप, यात सात तास कुठे जातात कळत नाही. मुलं दमतात ती चढउतार करताना, हात ओढले जाताना, "चल, चल, लवकर" ऐकताना. म्हणून मोजायचे ते बदल.

९ नोव्हेंबर

चार देश उरले: फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली, ऑस्ट्रिया. पॅरिसला उतरायचं आणि एकाच दिशेने सरकत व्हिएन्नाहून परतीचं विमान धरायचं. माघारी फिरणं कुठेच नाही. रोमसाठी थोरली रडकुंडीला आली, कारण शाळेत नुकताच रोमन लोकांचा धडा झाला. रोम नकाशात खूप खाली आहे आणि जाण्यायेण्यात आमचे दोन दिवस गेले असते. तिला नकाशावर दोऱ्याने अंतर मोजायला लावलं. दोरा टेकवून तिने स्वतःच "नको" म्हटलं.

आज दिवसभर तिथल्या सुट्ट्यांशी झटापट. मे म्हणजे युरोपात जोडसुट्ट्यांचा महिना. ८ मेला फ्रान्समध्ये सुट्टी, २०२६ मध्ये शुक्रवार. १४ मेला येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी, ती नेहमी गुरुवारीच येते आणि लोक शुक्रवारची रजा टाकून चार दिवस बाहेर पडतात. २४ मेला पेंटेकोस्टचा ख्रिस्ती सण, पुढचा सोमवारही सुट्टीचा. अशा सुट्ट्यांच्या आगेमागे गाड्या खच्चून भरतात. त्या टाळत टाळत हे जमलं: ७ मे पॅरिस, ११ मे (सोमवार) स्वित्झर्लंडकडे, १६ला व्हेनिस, १९ला व्हिएन्ना, २३ला विमान. १४ तारखेला गावातच राहायचं, लांबची गाडी घ्यायचीच नाही.

२३ नोव्हेंबर

पास की सुटी तिकिटं? युरोपात रेल्वेने फिरायचं म्हटलं की इथे जो तो युरेल पास सुचवतो. पास चांगलाच आहे. ३३ देशांत चालतो, फोनमध्ये राहतो, ४ ते ११ वर्षांची मुलं मोठ्यांच्या पासाबरोबर फुकट, एका मोठ्यामागे दोन. मनाला येईल त्या गावात उतरणाऱ्यांसाठी त्याला तोड नाही.

आमच्या मार्गावर तो बसत नाही. फ्रान्सच्या टीजीव्ही आणि इटलीच्या फ्रेच्चारोसा या वेगवान गाड्यांत पास असला तरी जागेचं आरक्षण सक्तीचं आणि त्याचे पैसे वेगळे, फुकट पासावरच्या मुलांचेसुद्धा. शिवाय टीजीव्हीत पासवाल्यांसाठी जागा मोजक्या असतात. म्हणजे पास घेऊनही प्रत्येक लांबच्या गाडीची तारीख आधीच बांधून घ्यायची. मग पासाचा मोकळेपणा राहिला कुठे? आमच्या तारखा पक्क्या आहेत, लांबच्या गाड्या मोजक्या आहेत, तिकिटं लवकर काढली की स्वस्त मिळतात.

स्वित्झर्लंडपुरता मात्र त्यांचा स्वतःचा स्विस ट्रॅव्हल पास घ्यायचा. तो सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. ६ ते १५ वर्षांची मुलं आईवडिलांबरोबर फॅमिली कार्डावर फुकट, सहाच्या आतल्यांना कार्डाचीही गरज नाही. कार्डाला पैसे पडत नाहीत पण पास घेतानाच मागून घ्यावं लागतं. गाड्या, तळ्यातल्या बोटी, गावातल्या बस आणि ट्राम, सगळं त्यात येतं. ११ ते १६ मे म्हणजे बरोबर सहा दिवस. आजोबांनी हिशेब तपासून मान डोलावली. रेल्वेच्या पासावर जन्म काढलेला माणूस "मोठा पास नको" म्हणतो याचं थोरलीला फार नवल वाटलं.

३० नोव्हेंबर

कागदपत्रं. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो आणि थोरलीचा जुलैमध्ये संपतोय. शेंगेनमधून बाहेर पडायच्या तारखेनंतर तो आणखी तीन महिने चालू असावा लागतो, म्हणजे नवा काढणं आलं. आम्हा दोघांच्या सह्यांचं संमतिपत्र लागेल. धाकट्याच्या जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाला 'भाई' जोडलेलं आहे, जे त्याच्या बाबांच्या पासपोर्टवर नाही. गुजरातेत राहणाऱ्या मराठी घरांत हे नेहमीचंच, पण व्हिसाच्या अर्जात दोन नावं दिसायला नकोत. दुरुस्तीचा अर्ज दिला. ज्यांना पुढच्या वर्षी जायचंय त्यांनी मुलांचे दाखले आजच काढून वाचावेत. बाकी सगळं पैसे टाकून घाईत होतं, हे होत नाही.

१४ डिसेंबर

आज युरोपभर रेल्वेचं नवं वेळापत्रक लागू झालं. दर वर्षी डिसेंबरच्या मध्याला ते बदलतं, म्हणून आजवर मे महिन्याच्या गाड्या नीट दिसत नव्हत्या. आणि आजच ऑस्ट्रियात कोरआल्म मार्ग सुरू झाला. ग्राझ ते क्लागेनफुर्ट पाऊण तासात, वाटेत जवळजवळ ३३ किलोमीटरचा बोगदा. व्हेनिसहून व्हिएन्नाला जाणारी रेलजेट आता या वाटेने जाते. नकाशावर जुनी रेघ खोडून नवी काढायचा मान थोरलीला.

घरात वाद चालू आहे तो याच टप्प्यावर. व्हेनिस ते व्हिएन्ना रात्रीची नाइटजेटही आहे. झोपायच्या डब्यात कुटुंबाला अख्खा कप्पा घेता येतो, सकाळचा नाश्ता गाडीतच मिळतो, हॉटेलची एक रात्र वाचते. थोरलीला तीच हवी. माझं मत दिवसाच्या गाडीला. सात तासांच्या आसपास लागतात पण बदल एकही नाही, आणि या वाटेवरचा शेवटचा तुकडा म्हणजे सेमरिंगचा घाट.

सेमरिंगबद्दल आजोबा बोलायला लागले की थांबत नाहीत. १८५४ मध्ये हा मार्ग पुरा झाला, आपल्या बोरघाटाच्या नऊ वर्षं आधी. तेव्हा डायनामाइटचा शोध लागलेला नव्हता. साध्या सुरुंगाच्या दारूने आणि हातांनी डोंगर फोडले, दोन मजली दगडी कमानींचे पूल बांधले. अभियंता कार्ल फॉन गेगा, जन्माने व्हेनिसचा. युनेस्कोने १९९८ मध्ये त्याला जागतिक वारसा म्हटलं. आता खालून नवा बोगदा बांधला जातोय. तो झाला की वेगाच्या गाड्या बोगद्यातून जातील आणि हा घाट खिडकीतून असा सहज दिसणार नाही. मुलांना नेमका या काळात तो पाहायला मिळतोय.

थोरलीला म्हटलं, बर्थवर झोपून आपण दर वर्षी नागपूरला जातो, इथे आल्प्स झोपेत जाऊ द्यायचे का? तिने दोन दिवस विचार केला आणि अट घातली: खिडकी तिची, ग्राझनंतर कुणी मागायची नाही. मान्य केलं. रेलजेटमध्ये मुलांसाठी फॅमिली झोन असतो, छोटा पडदा लावून कार्टून दाखवतात. धाकट्याची सोय तिथे.

४ जानेवारी २०२६

स्वित्झर्लंडला जायचं आणि युंगफ्राउयोखला जायचं नाही, हे ऐकून सोसायटीतल्या बायका चकित झाल्या. ३,४५४ मीटरवरचं स्टेशन, युरोपात सर्वांत उंच, १९१२ पासून चालू. मोह मलाही आहेच. पण आमचा मुक्काम असेल त्या ल्युसर्नहून जायला-यायला दिवस मोडतो, वाटेत कितीतरी बदल, वरची हवा विरळ आणि आमचा पास वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्डपर्यंतच पुरा चालतो, पुढे नुसती सवलत. आभाळ भरलेलं असेल तर वर पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही.

त्याऐवजी रिगी. ल्युसर्नच्या धक्क्यावरून बोटीत बसायचं, तासाभराने फिट्झनाउला उतरायचं, समोरच लाल गाडी उभी असते. ही युरोपातली पहिली डोंगरावर चढणारी दातेरी रेल्वे, २१ मे १८७१ पासूनची. रुळांच्या मधोमध शिडीसारखी तिसरी पट्टी आणि इंजिनाच्या पोटाखाली दातेरी चाक. चाकाचे दात शिडीत अडकत गाडी वर चढते. रिगी कुल्म सुमारे १,८०० मीटर, म्हणजे पावागडाच्या दुपटीहून उंच. उतरताना दुसऱ्या बाजूने निळ्या गाडीने आर्थ-गोल्डाउला यायचं. बोट, लाल गाडी, निळी गाडी, सगळं पासात. धाकट्याला रंगांवरून सांगितलं तेव्हापासून तो दिवसातून दोनदा तारीख विचारतो.

तारीख १२ किंवा १३ मे, आभाळ बघून. १४ची गर्दी टाळायचीच. ल्युसर्नचं वाहतूक संग्रहालय (१९५९ पासूनचं) पावसाळी दिवसासाठी राखून ठेवलंय. दोन दिवस पाऊस लागला तर दुसऱ्या दिवशी ल्युसर्न–झुरिक–बर्न–ल्युसर्न असा त्रिकोण नुसता गाडीतून फिरायचा. त्यांच्या दुमजली इंटरसिटीत वरच्या मजल्यावर घसरगुंडी असलेला मुलांचा डबा असतो. पास आहे, तिकीट काढायचं नाही, खिडकीबाहेर पाऊस पडू दे.

१८ जानेवारी

उत्तरायणाचे दोन दिवस सगळे गच्चीवर होते, वही उघडलीच नाही. काल रात्री पॅरिस–बासेल तिकिटं काढली. चारच्या वरच्या मुलांना टीजीव्हीत तिकीट लागतं, धाकट्याचंही काढलं. सकाळची स्वस्त गाडी सोडून दुपारची घेतली. पॅरिसमध्ये गार द लिआँ स्टेशनला पोचायचं, फलाट वीसेक मिनिटं आधी जाहीर होतो आणि दारं सुटायच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. मुलांना झोपेतून उठवून ही धावपळ करायची नाही. बासेलला उतरून ल्युसर्नची गाडी दर अर्ध्या तासाला आहे, आरक्षण नको, एक चुकली तर दुसरी. असा बदल मी मोजतही नाही.

व्हेनिस–व्हिएन्नाही झालं, फॅमिली झोनजवळच्या चार जागा.

१ फेब्रुवारी

आज रंगीत तालीम केली. प्रतापनगरहून एकतानगरच्या मेमूने डभोईपर्यंत, पूर्ण सामान भरून. दोन मोठ्या बॅगा, थोरलीची चाकाची छोटी बॅग, धाकट्याची पाठपिशवी. युरोपात सहसा हमाल मिळत नाहीत आणि मधल्या स्टेशनांत गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते, तेव्हा चढण्या-उतरण्याचा क्रम ठरलेला पाहिजे.

क्रम असा ठरला. नवरा मोठी बॅग घेऊन आधी चढतो आणि दारातून आत सरकतो, दारात थांबत नाही. मग धाकटा, मग थोरली तिच्या बॅगेसकट, सर्वांत शेवटी मी. उतरताना मी आधी, मुलं मधे, नवरा मागे. म्हणजे मूल कधीच एकटं फलाटावर किंवा एकटं डब्यात राहत नाही. आजोबा फलाटावर घड्याळ धरून उभे. धाकट्याने पायरीवर एक पाय ठेवला, मान वळवून मागच्या बाजूने येणाऱ्या दुसऱ्या गाडीकडे बघत राहिला, आणि त्याच्यामागे आम्ही दोघी खोळंबलो. "चल" म्हणून उपयोग होत नाही, त्याचं चित्त गाडीत असतं. आजोबांनी तोड काढली. बाबांच्या बॅगेला मागून एक लाल पट्टा बांधला आणि सांगितलं, "हा तुझा ब्रेकचा दांडा. तू गार्ड. जागेवर बसेपर्यंत हा सोडायचा नाही." परतीच्या गाडीत तो पट्टा धरून सरळ आत गेला आणि बसल्यावरही सोडेना.

ताटातूट झाली तर काय, हेही मुलांना सांगितलं. जो फलाटावर राहील त्याने जागचं हलायचं नाही. जो गाडीत राहील त्याने पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच बसायचं. शोधायला मोठी माणसं येतील. दोघांच्या गळ्यात कार्ड, त्यावर आमचे फोन नंबर, हॉटेलचं नाव आणि गाडीचा नंबर, रोज नवा कागद.

डभोईला उतरल्यावर आजोबांनी तिथल्या रुळांची गोष्ट सांगितली. १८६२ मध्ये वडोदऱ्याच्या खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम नॅरोगेज घातली, देशातली पहिली, आणि सुरुवातीला डबे बैल ओढत. रिगीच्या नऊ वर्षं आधी! थोरलीने वहीत दोन्ही साल शेजारी शेजारी लिहिलं. हिराभागोळ हा तिथला जुना दरवाजा बघून, भजी खाऊन संध्याकाळी घरी.

२२ फेब्रुवारी

व्हिसाचा अर्ज अहमदाबादच्या केंद्रात देऊन आलो. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री त्याच्याकडे अर्ज करायचा, रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरतो त्याच्याकडे. आमच्या स्वित्झर्लंडमध्ये पाच रात्री, पॅरिस आणि व्हिएन्नात चार-चार, व्हेनिसमध्ये तीन, म्हणून अर्ज स्वित्झर्लंडचा. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आत माफ, केंद्राचा आकार वेगळा. बाराच्या आतल्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. विमा किमान ३०,००० युरोचा, चौघांचा. मुलांच्या अर्जांवर दोघांच्या सह्या, जन्मदाखले (धाकट्याचा दुरुस्त होऊन आला), शाळेचं पत्र.

सोबतच्या पत्रात दिवसवार गाड्यांचे नंबर आणि वेळा लिहिल्या. खिडकीवरच्या बाईंनी तो कागद उलटून पालटून पाहिला आणि एकही प्रश्न विचारला नाही. आगगाडीने चार देश फिरणार म्हटलं की रात्र कुठे काढणार याची शंका येते, ती आधीच फेडलेली बरी. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मे-जूनच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी मार्चपर्यंत थांबू नये, भेटीच्या वेळा भराभर संपतात.

पॅरिसला उतरल्यावर नवी नोंदणीही होईल. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्याऐवजी संगणकात नोंद सुरू झाली आहे, मोठ्यांचे ठसे आणि चेहरा, बाराच्या आतल्यांचा फक्त चेहरा. रांग लांबली तर म्हणून पहिल्या दिवशी पॅरिसमध्ये काहीच ठरवलेलं नाही. आपल्याहून साडेतीन तास मागे, मुलं संध्याकाळीच पेंगतील.

१५ मार्च

व्हिसा आले. परीक्षा चालू आहेत, म्हणून मुलांना पेढा दिला आणि विषय बंद.

मी एकटीने ल्युसर्न ते व्हेनिसचा टप्पा पक्का केला. डोंगरमार्गाने एका दिवसात गेलो तर सात-आठ तास आणि दोन बदल, नियमात बसत नाही. म्हणून बेलिंझोनाला एक रात्र, आमचा एकमेव अपवाद. १५ मेला ल्युसर्नहून तांब्याच्या रंगाची 'त्रेनो गोत्तार्दो' घ्यायची, थेट बेलिंझोना. ही मुद्दाम जुन्या डोंगरमार्गाने, १८८२च्या रुळांवरून जाते. खालून २०१६ पासून ५७ किलोमीटरचा बोगदा आहे, तासभर वाचतो, पण त्यात दिसतं काय? वरच्या मार्गावर वासेन नावाचं गाव आहे. रूळ डोंगराच्या पोटात वळसे घेत चढतात, त्यामुळे गावातलं तेच पांढरं चर्च तीनदा दिसतं: आधी वर, मग समोर, मग खाली. हे मुलांना आधी सांगायचं नाही, धाकटा स्वतः ओळखतो का बघायचं.

बेलिंझोनाला तीन किल्ले आहेत, स्टेशनपासून चालत जाण्यासारखे, आणि शनिवारी सकाळी बाजार भरतो. १६ला शनिवारच आहे. बाजार करून दुपारी मिलान, मिलानला दीड तासाचं अंतर ठेवून व्हेनिस. मिलानचं स्टेशन २४ फलाटांचं आणि तिकीट दाखवल्याशिवाय फलाटाकडे सोडत नाहीत. तिकिटं वेगवेगळी असल्यामुळे पहिली गाडी उशिरा आली तर दुसरीचे पैसे आपले. दीड तास म्हणूनच.

व्हेनिसला खोली सांता लुचिया स्टेशनच्या डाव्या हाताला घेतली, तिथून हॉटेलपर्यंत एकही पूल लागत नाही. व्हेनिसचे पूल म्हणजे पायऱ्या, आणि पायऱ्यांवर आमच्या बॅगा कोण उचलणार? मुख्य भूमीवरचं मेस्त्रे स्वस्त पडलं असतं, पण मग रोज सकाळ-संध्याकाळ गाडीने ये-जा. शिवाय १८४६ पासून पाण्यावर उभा असलेला तो साडेतीन किलोमीटरहून लांब रेल्वेपूल सामानासकट, शेवटच्या स्टेशनपर्यंत पार करण्यात मजा आहे. दिवसापुरतं येणाऱ्यांना ठरावीक तारखांना प्रवेशशुल्क पडतं, मुक्काम करणाऱ्यांना माफ, पण माफीची नोंद आधी करून ठेवायची. केली.

५ एप्रिल

खाण्याचा विषय आजींनी हातात घेतला. खाखरे, मेतकूट, भाजणी, लीलो चेवडो, शेंगदाण्याची चिक्की, खिचडीचं कोरडं मिश्रण. यावर हरकत नाही. पण युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, सामानात सापडले तर काढून घेतात. पेढे, तुपाचा डबा, श्रीखंडाची वडी बाद. ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, सूट फक्त अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर यांना.

व्हिएन्नात नवऱ्याचा मावसभाऊ राहतो. त्याच्यासाठी केसर आंब्याची छोटी पेटी न्यायची असं आजींनी केव्हाच ठरवलं होतं. आंबा त्या पाचात नाही. आजी खूप हिरमुसल्या, "दोन तरी?" म्हणाल्या. दोनही नाहीत. मग त्यांनी साखरांबा करायचं ठरवलं आणि डबा कसा सील करायचा यावर आता सगळं घर कामाला लागलंय.

स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, स्टेशनमधली मात्र उघडी. दूध, दही, फळं, ब्रेड तिथेच घ्यायचं. स्वित्झर्लंड आणि व्हिएन्नात नळाचं पाणी पिण्याचं आहे, व्हिएन्नात तर १८७३ पासून आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी नळाने येतं. बाटल्या विकत घ्यायच्या नाहीत, प्रत्येकाची आपली.

१९ एप्रिल

इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात, त्यांच्या वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तारखा लागतात. १६ आणि १९ मे सध्या मोकळ्या. दर सोमवारी बघायचं काम थोरलीकडे, तिची परीक्षा संपली. गाडी तासाहून जास्त उशिरा पोचली तर युरोपियन नियमांप्रमाणे तिकिटाचे २५ टक्के, दोन तासांहून जास्त असेल तर ५० टक्के परत मागता येतात. अर्ज कुठे करायचा तेही तिने वहीच्या मागच्या पानावर लिहिलं.

व्हिएन्नात मुलांसाठी तीनच गोष्टी ठरवल्या: शोनब्रुनचं प्राणिसंग्रहालय (१७५२ पासूनचं, जगातलं सर्वांत जुनं चालू असलेलं), प्राटर बागेतला १८९७चा आकाशपाळणा आणि तांत्रिक संग्रहालय, जिथे १९ वर्षांखालच्यांना तिकीट नाही. दिवसाला एक. पॅरिसचं मुलांनी ठरवायचंय. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, आम्ही त्याआधीच निघतो, म्हणजे जमेल. पण आत दोन तासांपेक्षा जास्त थांबायचं नाही, हे मी नवऱ्याकडून कबूल करून घेतलंय.

आजोबांना गाड्यांचा तक्ता मोठ्या अक्षरांत छापून दिला, तिकडची वेळ आणि इकडची वेळ दोन्ही. त्यांनी त्यात लाल पेनने प्रत्येक बदलाखाली रेघ ओढली आणि मिलानच्या दीड तासाशेजारी "ठीक" असं लिहिलं. आता राहिलं ते एवढंच: ल्युसर्नच्या घरमालकिणीला संध्याकाळी सहानंतर पोचतो म्हणून कळवायचं, आणि धाकट्याच्या पावसाळी बुटांचं माप घ्यायचं.